सोमवारच्या विनोदात लोखंडे कसे बसवायचे

रविवारी संध्याकाळचे सात वाजले की सोसायटीच्या, ऑफिसच्या, मामा-मावश्यांच्या सगळ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच रडगाणं सुरू होतं: उद्या सोमवार. अलार्मकडे डोळे वटारून बघणारं मांजर, विरार लोकलच्या दारात लटकलेला माणूस, ‘रविवारला आणखी एक रविवार जोडून द्या’ अशी मागणी. या विनोदांत एक माणूस अगदी सहज बसतो आणि तिथे तो जवळजवळ कधीच दिसत नाही: नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. दलित, बहुजन, कामगार यांचा इतिहास रोजच्या हसण्याबोलण्यात यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी सुरुवात इथून करावी, कारण विषय आधीच सगळ्यांच्या तोंडी आहे. जयंतीला हार घातलेला फोटो टाकला की लोक हात जोडल्याची खूण करतात आणि पुढे सरकतात. सोमवारच्या विनोदात तेच नाव दिसलं की कुणीतरी विचारतं, ‘हे कोण?’ सगळी मेहनत त्या प्रश्नासाठी करायची आणि उत्तर आधीपासून तयार ठेवायचं.

म्हणून पहिलं काम माहिती पक्की करण्याचं. विनोद फसला तर लोक दोन मिनिटांत विसरतात. तारीख चुकली तर तेवढीच धरून बसतात.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. फुलमाळी समाजातले, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर होते, त्यामुळे गिरणीतलं जगणं त्यांनी आतून पाहिलं होतं. १८८० पासून ‘दीनबंधू’ हे पत्र त्यांनी चालवलं. तेव्हा गिरणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. ७ वर्षांचं पोर कामावर ठेवायला त्यात मुभा होती आणि मोठ्या माणसाच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल अवाक्षर नव्हतं. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. पुढे २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात ती आली. ९ फेब्रुवारी १८९७ ला, प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी राबताना, लोखंडे स्वतः प्लेगने गेले.

एवढ्या मजकुरात चार ठिकाणी पाय घसरतो. सर्वात जास्त घसरतो तो ‘१० जून १८९० हा पहिला सुट्टीचा रविवार’ या वाक्यावर. १० जून १८९० ला मंगळवार होता. त्या दिवशी निर्णय झाला, सुट्टी नव्हती. १८९० चं कॅलेंडर उघडून बघितलंत की दोन मिनिटांत दिसतं, पण पाठवणारे बघत नाहीत. मग एखादा काका ‘अहो, तो मंगळवार होता’ असं लिहितो आणि सगळी चर्चा लोखंड्यांवरून कॅलेंडरवर जाते. दुसरी घसरण ‘लोखंड्यांनी भारताला रविवारची सुट्टी दिली’ या वाक्यात. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासून बंद असत. लोखंड्यांनी ती सुट्टी गिरणीच्या फाटकाच्या आत आणली, आणि हे काम जास्त अवघड होतं, म्हणून तेच लिहावं. तिसरी: त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला आजच्या अर्थाने ‘युनियन’ म्हणू नये. तिला सभासदांची यादी, निधी, नियमावली यांतलं काही नव्हतं. सह्या, सभा आणि ‘दीनबंधू’चा छापखाना एवढ्या बळावर तिने काम केलं. ‘कामगारांची पहिली संघटना’ हा शब्दप्रयोग चालतो. चौथी घसरण म्हणजे त्या दोन बायका. बहुतेक पोस्टींमधून त्या गळतात. विनोदाच्या ओळीत त्यांना जागा नसेल तर ‘हे कोण?’ विचारणाऱ्याला जे उत्तर द्याल, त्यात त्यांना पहिल्या वाक्यात घ्या.

आता विनोद. मराठीत याचा साचा तयार आहे आणि तो कुठून उसना आणावा लागत नाही. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी येते: सोंगाड्या येडपटासारखे प्रश्न विचारतो, शाहीर उत्तर देतो आणि दोघांच्या मधे सावकार, कुलकर्णी, भटजी उघडे पडतात. सत्यशोधक जलशांनी, म्हणजे समाजाचा विचार गाण्या-संवादांतून सांगणाऱ्या फडांनी, हाच साचा घेतला. पुढे भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तो गावोगाव आणि चाळींच्या पटांगणांत नेला. अस्पृश्यता, व्यसन, शिक्षण हे जड विषय त्यांनी बतावणीतून पोचवले, कारण अक्षर न वाचता आलेल्या माणसालाही प्रश्न-उत्तर लक्षात राहतं. दोन चौकटींचं मीम म्हणजे छोटी बतावणीच. वरच्या चौकटीत सोंगाड्या, खालच्या चौकटीत शाहीर.

लोखंड्यांसाठी अशी करता येईल:

सोंगाड्या: शाहीर, ह्यो रविवार कुनी काढला वो?
शाहीर: काढला नाही बाबा, मिळवला. १८९० साली, गिरणीमालकांकडून.
सोंगाड्या: आन् सोमवार?
शाहीर: तो मालकांकडे आधीपासूनच होता!

किंवा अगदी आखूड हवं असेल तर वर ‘सोमवार आला म्हणून रडतोस?’ आणि खाली ‘१८९० च्या आधी गिरणीत रविवारसुद्धा सोमवारच होता.’ यात हसू कुणावर येतं ते बघा. सोमवारला कंटाळलेला माणूस हसतो, पण टोला मालकाला बसतो. बतावणीचा हा नियम मोडला की सगळं बिघडतं. सोंगाड्या स्वतः येडा दिसला तरी हरत नाही. हरतो तो वरचा. म्हणून कामगाराच्या बोलीची, अडाणीपणाची, फाटक्या कपड्याची टिंगल करून त्याचा इतिहास सांगता येत नाही. सोंगाड्याची बोली घ्यायची तर ती त्याच्या हजरजबाबीपणासाठी घ्या. शाहीर प्रमाण मराठी बोलतो आणि सोंगाड्या बोलीत बोलतो, हे प्रत्येक पोस्टीत तसंच ठेवू नका. पुढच्या वेळी उलटं करा, नाहीतर नकळत ‘शहाणा म्हणजे प्रमाण बोलणारा’ असं शिकवलं जातं.

याच विनोदाला पुढची कडी आहे. ‘आज बाई आल्या नाहीत’ हा मराठी ग्रुपांवरचा दुसरा लाडका विनोद. रविवारची सुट्टी आपल्याला हक्क म्हणून हवी असते आणि घरकाम करणाऱ्या बाईंनी रविवारी सुट्टी मागितली की ती दांडी ठरते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. तेव्हापासून तरी त्यांना कामगार म्हणायला हरकत नसावी. लोखंड्यांची पोस्ट गेल्यानंतर पुढच्या रविवारी एकच ओळ टाका: ‘आपल्या घरातल्या कामगाराचा रविवार कोणता?’ इथे हसू कमी येईल, पण प्रश्न नेमक्या घरात जाऊन पडेल.

चित्र करताना चौकोनी पोस्ट १०८० बाय १०८० पिक्सेल, उभी हवी असेल तर १०८० बाय १३५०. स्टेटससाठी १०८० बाय १९२० घ्या, पण वर आणि खाली साधारण २५० पिक्सेल मोकळे सोडा, कारण तिथे नाव आणि उत्तर देण्याची पट्टी येते आणि नेमकी तारीख झाकली जाते. मुख्य मजकूर बारा-पंधरा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. सगळ्यात खाली एक पट्टी असावी: ‘साप्ताहिक सुट्टी मान्य: १० जून १८९०, मुंबई. ना. मे. लोखंडे, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन.’ ही पट्टी चित्रातच हवी. चित्राखाली वेगळा मजकूर लिहिला तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसाकडे जाईपर्यंत तो गळून पडतो. कोणी स्क्रीनशॉट काढतो, कोणी फक्त चित्र ठेवतो. १०८० च्या चित्रात पट्टीची अक्षरं २८ पिक्सेलच्या खाली नकोत. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं आणि बारीक मात्रा-वेलांट्या एकमेकींत मिसळतात. पहिली प्रत पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्टिकरचे नियम वेगळे आहेत: ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी फाइल, १०० केबीच्या आत, एका संचात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३०. स्टिकरवर चार-पाच शब्दच मावतात, त्यामुळे तारखेची पट्टी बसत नाही. म्हणून स्टिकरवर दावा नको, नुसता उद्गार हवा: ‘लोखंडेंची कृपा, आज रविवार!’ तारीख सांगणारी पोस्ट आधी गेलेली असली की पुढे स्टिकर आठवण करून देत राहतो.

अक्षरांकडे नीट बघा. मराठी मजकुराची सगळ्यात जास्त नासाडी ‘ऱ्य’ मध्ये होते. ‘कष्टकऱ्यांचा’ लिहायचं तर खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करावं लागतं. साधा र घेतला तर ‘कष्टकर्यांचा’ होतं. नुसतं दिसायला वाईट एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण आचाऱ्यांना आणि आचार्यांना, दऱ्या आणि दर्या हे वेगवेगळे शब्द आहेत, आणि स्वैपाक्याचा सत्कार करणारी पोस्ट एका टिंबाने पीठाधीशाच्या पायाशी जाते. दुसरा घोळ जुन्या फोटो-एडिटरमध्ये होतो: ‘मिळवला’ची वेलांटी म च्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. फोटोशॉपमध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला की ते नीट होतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांमधला मजकूर सरळ चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फुकट फाँटांपैकी मुक्ता आणि बलू हे मुंबईच्याच ‘एक टाइप’ नावाच्या गटाने केलेले आहेत आणि दोन्ही लहान आकारात वाचता येतात. जुन्या पत्राचा बाज हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं स्वच्छ दिसतात. निळ्यावर लाल मजकूर डोळ्यांत खुपतो, तो टाळा.

फोटोंबद्दल मी कडक आहे. सध्या कुणीही यंत्राकडून ‘१८९० ची कामगार सभा’ करून घेतं, तपकिरी रंग देतं आणि जुना फोटो म्हणून सोडून देतं. असं चित्र कधीही जुना फोटो म्हणून पाठवू नये. फलकावरची देवनागरी निरर्थक असते, माणसांच्या पगड्या कुठल्याच जातीच्या किंवा गावच्या नसतात, आणि ज्यांच्या खऱ्या छबी मुळातच थोड्या उरल्या आहेत त्यांच्या जागी खोटे चेहरे रुजतात. फोटो नसेल तर रेखाचित्र काढा: गिरणीची चिमणी, भोंगा, डबा. कुणी पाठवलेला फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे, कोणत्या नावाने आला आहे ते बघा. फोटोवरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे अलीकडच्या वृत्तछायाचित्राला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

शेजारच्या आजोबांकडून चाळीचा फोटो मिळाला तर तो फ्रेमच्या काचेवरून मोबाइलने टिपू नका, उजेडाचा पट्टा बरोबर चेहऱ्यावर येतो. फ्रेममधून काढून निदान ३०० डीपीआयवर स्कॅन करा. फोटो काचेला चिकटला असेल तर सोलायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा, बहुतेक वेळा साल तिथेच सापडतं. आणि ‘काका, हा ग्रुपवर टाकू का? यात अजून कोण-कोण हयात आहे?’ हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. हयात माणसाचा खोली क्रमांक झाकून टाका.

ज्यांना मालिका करायची आहे त्यांच्यासाठी मुंबईत आयता साचा आहे: लोकलमधली ‘पुढील स्टेशन’ची घोषणा. मध्य रेल्वेची धीमी गाडी घ्या. पुढील स्टेशन मस्जिद: जवळच्या मांडवी कोळीवाड्यात ११ मे १८८८ रोजी जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. पुढील स्टेशन परळ: बीआयटी चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१, इथे बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले; जवळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ च्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट निघाली. पुढील स्टेशन दादर: बाबासाहेबांचं घर राजगृह एका बाजूला, चैत्यभूमी दुसऱ्या बाजूला. पुढील स्टेशन घाटकोपर: चिराग नगर, अण्णा भाऊ साठे. यातली विनोदाची जागा सूचनेत आहे: ‘गाडी आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्या’ हे वाक्य परळच्या पाटीखाली ठेवलं की १०० चौरस फुटांच्या आसपासच्या खोलीतून विलायतेपर्यंत गेलेल्या विद्यार्थ्याचं अंतर आपोआप दिसतं. फक्त मार्ग चुकवू नका. दलित पँथरशी जोडलेलं सिद्धार्थ विहार वसतिगृह वडाळ्याला, म्हणजे हार्बरवर. ते परळ आणि दादरच्या मधे टाकलंत तर मुंबईकर पँथरबद्दल बोलणार नाही, रेल्वेच्या नकाशाबद्दल बोलेल. वडाळ्याची वेगळी पोस्ट करा: २९ मे १९७२ ही पँथरची स्थापना, राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही नावं.

बीडीडी चाळी हा असाच मोठा विषय आहे. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२, अशा मुळात २०७ इमारती होत्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. गॅलरी, रांग, नळ, रेडिओवरचा क्रिकेटचा सामना यांवरचे विनोद तिथे राहिलेली माणसं स्वतःच इतके सुंदर करतात की बाहेरच्याने ते लिहायला घेऊ नये, फक्त ऐकून, नाव विचारून, परवानगीने टिपून घ्यावे. पण याच वरळीच्या चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल झाली आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. त्या तारखेला चाळीचा विनोद टाकू नका.

अशा न हसायच्या तारखा आधी वहीत लिहून ठेवा. ११ जुलै १९९७: घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. २७ मे १९३५: रमाईंचं, म्हणजे बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाईंचं, निधन. या दिवशी नाव, तारीख, जागा एवढंच लिहावं. आणि ६ डिसेंबर. त्या दिवशी ‘महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे संदेश दरवर्षी फिरतात, चांगल्या मनाची माणसं पाठवतात. निधनाच्या दिवसाला शुभेच्छा देत नाहीत; ‘अभिवादन’ लिहावं. १४ एप्रिलला शुभेच्छा योग्यच. पाठवणाऱ्या मावशींना चारचौघांत टोकू नका, वैयक्तिक संदेशात सांगा: ‘मावशी, आजच्या दिवशी अभिवादन म्हणतात, मी दुरुस्त करून पाठवलंय, हे टाकता का?’ सोबत तयार चित्र द्या. नुसती चूक दाखवली की माणूस गप्प बसतो, तयार चित्र दिलं की तेच पुढे पाठवतो.

६ डिसेंबरच्याच आसपास दादरच्या गर्दीवर आणि कचऱ्यावर हिणकस विनोद फिरू लागतात. त्यांचा स्क्रीनशॉट काढून ‘बघा किती वाईट’ म्हणून पुढे पाठवणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण त्याने तो विनोद नव्या शंभर लोकांपर्यंत जातो. त्याऐवजी आपली पोस्ट करा: विदर्भ-मराठवाड्यातून भाकरी बांधून आलेली माणसं शिवाजी पार्कवरच्या स्टॉलांवर रांग लावून काय विकत घेतात? पुस्तकं. परतीच्या पिशवीत फोटो, दिनदर्शिका आणि पुस्तकं असतात. त्यावर लिहा: ‘मुंबईत येऊन काय खरेदी केलंत?’ आणि खाली पुस्तकांची पिशवी. याला उत्तर देणं टिंगल करणाऱ्याला जड जातं.

अवतरणांचा भाग वेगळाच आहे आणि तिथे सर्वात जास्त फसवणूक होते. बाबासाहेबांच्या नावावर रोज नवं वाक्य येतं. राज्य सरकारने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनात त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. मराठी भाषणं १८ व्या खंडात, तीन भागांत आहेत. वाक्य वापरायचं तर खंड, भाग, पान लिहून ठेवा. पान सापडत नाही तोवर ते वाक्य त्यांच्या नावावर टाकू नका, कितीही छान असलं तरी. ओळखीच्या घोषणेचंच उदाहरण घ्या. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत जो क्रम सांगितला तो शिका, चळवळ करा, संघटित व्हा असा आहे. मराठीत रुळलेली घोषणा ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी आहे. घोषणा म्हणून ती लिहा, ती आता लोकांची आहे. पण खाली ‘नागपूर, १९४२’ लिहिणार असाल तर क्रम मूळचा ठेवा. तसंच अण्णा भाऊंचं: १९५८ च्या दलित साहित्य संमेलनातलं वाक्य, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे अशा आशयाचं, तीन-चार पाठांत फिरतं. छापील भाषण हाताशी नसेल तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘आशय’ लिहा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, या दोन जागा अशा तपासणीसाठी मुंबईकराला हाताशी आहेत. नावंही नीट लिहा: आंबेडकर, अंबेडकर नव्हे, जोतीराव, जसं त्यांच्या पुस्तकांवर आहे तसं.

ग्रुपवर कुणी आरक्षणावरचा जोक टाकला तर? लांबलचक निबंध कुणी वाचत नाही. आधी पाठवणाऱ्याला वैयक्तिक लिहा: ‘काका, हा जोक तुम्ही लिहिलेला नाही हे मला माहीत आहे. पण आपल्या ग्रुपात तीन घरं अशी आहेत की ज्यांच्या मुलांनी हा वाचला असेल. काढाल का?’ पुष्कळ काका काढतात. नाही काढला तर ग्रुपवर एक माहिती आणि एक प्रश्न, बस्स: ‘२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्याआधी त्या नोकऱ्यांत कोण होतं, कुणाला माहीत आहे का?’ प्रश्न टाकल्यावर थांबा. दहा जणांशी एकाच वेळी भांडायला गेलात की ॲडमिन ग्रुप बंद करतो आणि ‘हे लोक वाद घालतात’ एवढंच उरतं.

शिवीगाळ किंवा धमकी आली तर मात्र गंमत संपली. संदेश मिटवू नका, उत्तर देऊ नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पोस्टीचा दुवा जपून ठेवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी किंवा इतर मार्गाने अनादर करणंही गुन्ह्यांत आलं आहे. तक्रार लिहिताना हे कलम वकिलाला दाखवा.

आणखी एक तारीख सोमवारच्या विनोदात चपखल बसते. ७ नोव्हेंबर १९३८ ला सोमवार होता. औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला, गिरण्या थांबल्या, कामगार मैदानावर सभा झाली. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असं बाबासाहेबांनी त्याच वर्षी विधानसभेत मांडलं होतं. ‘सोमवारी कामावर जावंसं वाटत नाही? १९३८ साली मुंबईने खरंच एक सोमवार बंद ठेवला होता’ आणि खाली पट्टी: ७ नोव्हेंबर १९३८, सोमवार. हे रविवारी संध्याकाळी पाठवा. सोमवारी सकाळी शुभप्रभाताच्या फुलांखाली गाडलं जातं.

पाठवल्यावर चूक सापडली तर पंधरा मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्त करता येतो, चित्र येत नाही. चित्र सगळ्यांसाठी मिटवायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण तोवर ते पुढे गेलेलं असतं आणि ती प्रत आपल्या हातात नसते. म्हणून त्याच आकाराचं, त्याच रंगाचं नवं चित्र करा, वरच्या कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ असं ठळक लिहा, चुकलेली तारीख खोडून शेजारी बरोबर तारीख ठेवा. ज्यांनी पहिलं चित्र पुढे पाठवल्याचं तुम्हाला माहीत आहे त्यांना ते एकेकट्याला पाठवा. मूळ फाइल टाकून देऊ नका. नावात तारीखच ठेवा, म्हणजे ‘१८९०-०६-१०-लोखंडे’, आणि त्याच फोल्डरात खंड-पानाची नोंद ठेवा. पुढच्या १० जूनला तीच लागणार आहे.